भेगेवरची काच

काचताईच्या कारखान्यातून कुठलीही काच तारखेशिवाय बाहेर पडत नसे. मग ती न्हाव्याच्या दुकानातला लांबलचक आरसा असो, नाहीतर कुणाच्या कपाटाची हातभर काच. काम संपलं की ती काच कापायची हिरकणी उचलायची, खालच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख कोरायची आणि मगच हात पुसायची. ही शिस्त वडिलांची. त्यांच्याकडे एकदा एक गिऱ्हाईक तणतणत आलं होतं, म्हणे परवा नेलेला आरसा काळा पडला. वडिलांनी शांतपणे आरसा उलटा केला, कोपरा दाखवला, आणि त्या गृहस्थाची मुंजी झालेली मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती हे सगळ्या गल्लीला कळलं. तेव्हापासून वडील दोन्ही मुलांना बजावत आले, की आपल्याला खोटं पडायचं नसेल तर तारीख घाला. मुलानं ऐकलं आणि पालिकेत कारकून झाला. मुलीनं ऐकलं आणि काच कापायला बसली.

गल्लीनं तिचं नाव काचताई ठेवलं होतं. लग्न तिनं केलं नाही. खोदून खोदून विचारणाऱ्यांना ती सांगायची, "केलं असतं हो, पण कोपऱ्यात तारीख घालू देईना कुणी." लोक हसायचे आणि विषय बदलायचे. एवढ्यासाठीच तिनं ते उत्तर शोधून ठेवलेलं होतं.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. पुढे काच कापायचं टेबल, मधे पारा लावायची जागा, आणि मागच्या भिंतीला टेकून काचांचे तक्ते उभे. काचेच्या धंद्यात मागची भिंत म्हणजे अर्धा धंदा. तक्ते उभे ठेवतात ते भिंतीच्या भरवशावर. भिंत हलली तर सगळं एका दमात खाली येईल आणि वर आवाजही मोठा होईल. ती भिंत वडिलांच्या वडिलांनी बांधलेली, चांगली दीड हात रुंद. लहानपणी दादा आणि ती उन्हाळ्यात तिला पाठ टेकून बसायचे, कारण सगळ्या घरात गार काय ती तीच.

पालिकेनं मागच्या बोळात गटाराची मोठी नळी टाकायला खोदाई केली ती यंत्रानं. दिवसभर टेबलावरचे काचेचे तुकडे आपोआप थरथरायचे. यंत्र गेलं, बोळ बुजवला, वर डांबर पडलं, आणि आठवड्याभरात काचताईला मागच्या भिंतीवर एक रेघ दिसली. केसाएवढी. पण जन्मभर ज्या बाईनं काचेतला तडा बोटाच्या पेरानं ओळखला, तिला केसाएवढी रेघ म्हणजे काय ते कुणी सांगायला नको होतं. तिनं दादाला फोन केला.

दादा पालिकेच्या विधी विभागात मोठा कारकून होता. पालिकेवर कुणी दावा ठोकला, की उत्तराचा पहिला मसुदा त्याच्या टेबलावर तयार व्हायचा. वकील कोर्टात जे तावातावानं बोलत ते आदल्या आठवड्यात दादानं शांतपणे लिहिलेलं असायचं. बहिणीला त्याचा अभिमान होता. तो थोडासा आखडू होता, स्वतःचा चहा स्वतः करून घेत नसे, पण बोलावलं की यायचा. त्याही दिवशी ऑफिस सुटल्यावर सरळ आला, पिशवीसकट.

"घाबरू नकोस, छोटे," तो भिंतीवरून हात फिरवत म्हणाला. ती पन्नाशीला टेकली होती तरी त्याच्यासाठी छोटीच. "भेग जिवंत आहे की मेलेली ते आधी बघायचं. काचेची पट्टी लाव."

ही युक्ती तिला ठाऊक होती. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी धरायची, दोन्ही टोकं पीओपीनं भिंतीला घट्ट बसवायची. भिंत जरा हलली की पट्टी तडकते. तिनं पट्टी कापली, हिरकणीनं कोपऱ्यात तारीख घातली, दादानं वाटीत पीओपी कालवून दिलं आणि तिनं अंगठ्यानं दाबून दाबून पट्टी बसवली. दादानं खिशातून फोन काढला.

"हलू नकोस. एक फोटो घेतो, फाइलला लावतो. पुरावा असला की काम लवकर होतं."

तिनं अंगठा तसाच धरून ठेवला. तिला तेव्हा फार बरं वाटलं. पालिकेसारख्या अवाढव्य जागी आपलं एक माणूस आहे, आणि ते आपल्या भिंतीसमोर पॅंटच्या ढोपरांना पीओपी लावून बसलंय, यापेक्षा जास्त आधार माणसाला कसला लागतो!

पैसे तिला नको होते. तिचं मागणं एकच होतं: पालिकेनं खोदून भिंतीचा पाया सैल केला, तर पालिकेनंच तो पुन्हा खालपासून बांधून द्यावा. म्हणजे भिंत राहील, तक्ते राहतील, कारखाना राहील.

"दावा लावू का?" तिनं विचारलं होतं, अगदी सुरुवातीलाच. दादा असा दचकला, जणू तिनं कोयता हातात घेतला.

"वेडी आहेस का? दावा लावलास की साहेब लोक हट्टाला पेटतात. मग दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजव. मी आतून करून घेतो. आणि पट्टी तुटेपर्यंत तू दावा तरी कशाचा लावणार? भेग वाढली असं दिसलं, की तेव्हापासून दिवस मोजायचे असतात. केसाएवढी रेघ कुणी धरत नाही."

पट्टी पहिल्याच वर्षी तुटली. तिनं दुसरी लावली. तारीख घातली. दादा म्हणाला, "बघ, आता नव्यानं मोजायचं. काळजी नको." दुसरीही तुटली, तिसरी लागली. जुन्या पट्ट्या काचेच्या भंगारात गेल्या. दरवेळी दादा यायचा, मान हलवायचा, सांगायचा की फाइल वर गेलीय, फाइल खाली आलीय, नवे साहेब जरा तिरसट आहेत, जुने साहेब बरे होते पण बदलून गेले. वेळ मारून नेण्यात पालिकेचा कारकून हयात घालवतो, पण स्वतःच्या बहिणीवर तो ही विद्या चालवेल असं कुठल्या बहिणीच्या मनात येईल?

एकदाच तिनं धीर करून म्हटलं, "दादा, दोन ओळी लिहून आण ना ऑफिसातून. पालिका भिंत बांधून देणार आहे, एवढंच."

दादानं कप खाली ठेवला. "घरच्या माणसाकडून लेखी मागतेस?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं पुन्हा आधण ठेवलं, त्याच्या आवडीचा कडक चहा केला, आणि पुढे कधी तो विषय काढला नाही.

मग दादा निवृत्त झाला. ऑफिसच्या हॉलमधे समारंभ होता, खुर्च्या मांडल्या होत्या, साहेबांनी भाषण केलं, की या माणसानं आजवर पालिकेला कोर्टात एकदाही मान खाली घालायला लावली नाही. काचताईनं भावासाठी स्वतःच्या हातानं आरसा केला होता. चारही कडा उतरत्या घासलेल्या, पाठीला दोनदा पारा, कोपऱ्यात निवृत्तीची तारीख. दादानं तो सगळ्यांसमोर उघडला आणि त्याचे डोळे भरून आले. तिचेही आले. बाई साधी होती, दुसरं काय म्हणायचं?

त्यानंतर दादा फोन उचलेना. उचललाच तर म्हणायचा, "आता माझं तिथे कोण ऐकतंय गं? तू आता दावाच लाव. मी तुला अडवत नाही." तिसरी पट्टी मधोमध तुटली, तुकडे पीओपीच्या ढेकळांतून वेगळे झाले, आणि भेगेत आता पाच रुपयाचं नाणं उभं राहील इतकी जागा झाली. काचताईनं निम्मे तक्ते भिंतीपासून काढून जमिनीवर आडवे टाकले. आडवी ठेवलेली काच स्वतःच्या वजनानं फुटते हे ती जाणून होती, पण करणार काय? मग ती वकीलबाईकडे गेली.

वकीलबाई तिच्याहून वयानं लहान, केस आखूड, बोलणं आखूड. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "नुकसान तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?"

"पट्टी पूर्ण तुटली तेव्हापासून धरा. मागच्या वर्षी."

"त्याआधी काहीच नव्हतं?"

"केसाएवढी रेघ होती. पण दादा म्हणाला, ती धरत नाहीत."

"दादा कोण?"

"माझा सख्खा भाऊ. पालिकेच्या कायद्याच्या खात्यातच होता."

वकीलबाईनं पेन खाली ठेवलं. "ताई, दाव्याला मुदत असते. तुम्हाला तीन वर्षं. ती पट्टी तुटल्यापासून नाही, नुकसान कळल्यापासून. दर तुटक्या काचेला मुदत नव्यानं सुरू होत नाही. तुमच्या भावाला हे माहीत असायला हवं होतं." मग थोडा विचार करून म्हणाली, "दावा लावू. ती रेघ कधी दिसली हे त्यांनी सिद्ध करायला हवं. जुन्या पट्ट्या तर भंगारात गेल्यात. बघू."

काचताईला वाटलं, दादा चुकला असेल. चुकतो माणूस. आयुष्यभर दुसऱ्याच्या दाव्यांना उत्तरं लिहिली, स्वतःच्या बहिणीचा दावा कसा लावायचा ते त्याला कुठून कळणार! असं ती घरी जाताना स्वतःला बरेचदा सांगत राहिली.

कोर्टाची खोली छोटी होती, भिंतीला फिकट हिरवा रंग, खिडकीजवळचा पंखा फिरताना दर फेरीला कुरकुरत होता. पालिकेचा वकील अतिशय सभ्य माणूस. काचताई साक्षीला उभी राहिली तेव्हा त्यानं तिला आधी पाणी प्यायला सांगितलं. मग एक मोठा केलेला फोटो तिच्यापुढे धरला.

"बाई, हा अंगठा कुणाचा ओळखता का?"

फोटोत भिंत होती, केसाएवढी रेघ होती, रेघेवर काचेची पट्टी होती, आणि पट्टीच्या टोकावर पीओपीत रुतलेला एक अंगठा. त्या अंगठ्याच्या नखाला मधोमध फट होती. वडिलांच्या हाताखाली काम शिकताना हिरकणी निसटली होती, तेव्हापासूनची.

"माझा," ती म्हणाली.

"काचेच्या कोपऱ्यात काहीतरी कोरलंय. तेवढं वाचाल?"

तिनं वाचलं. तिचंच अक्षर, सुबक, वडिलांना आवडलं असतं असं. पंखा कुरकुरत राहिला. न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं. वकीलबाईनं डोळे मिटले. पण काचताईला यातलं काही दिसत नव्हतं. ती तारखेकडे बघतही नव्हती. ती बघत होती फोटोच्या कडेला, खाली, जिथे पीओपीची वाटी होती आणि वाटीशेजारी फोटो काढणाऱ्याच्या पॅंटचं एक ढोपर आलं होतं. पांढरे डाग पडलेलं. त्या दिवशी त्या खोलीत दोनच माणसं होती.

दावा मुदतबाह्य म्हणून फेटाळला गेला. भिंतीबद्दल, पायाबद्दल, खोदाईबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. वेळ गेली, एवढंच.

बाहेरच्या व्हरांड्यात वकीलबाईनं तिला बाकावर बसवलं आणि आणखी एक कागद काढला. आजच हातात पडला होता. पालिकेनं काचताईवरच दावा लावला होता. भिंतीचा पाया बोळाच्या जागेत वीतभर शिरलेला आहे, ती जागा रस्त्याची, तर भिंत पाडून जागा मोकळी करा.

काचताईला आधी हसूच आलं. "तो पाया आजोबांनी घातलाय. मी लहान असताना भिंत पुरात गेली, तेव्हा त्यांनी त्याच पायावर पुन्हा बांधली. एवढी वर्षं यांना दिसला नाही? यांची मुदत नाही संपली?"

"सरकारला आणि पालिकेला अशा जागेसाठी मुदत फार मोठी असते. तुम्हाला तीन वर्षं, त्यांना तीस. त्यांच्या कागदांप्रमाणे पाया रस्त्यात शिरल्याचं त्यांना कळलं ते बोळ रुंद करायची मोजणी झाली तेव्हा. त्याला तीस वर्षं झालेली नाहीत, असं त्यांचं म्हणणं. लढू आपण, पण सोपं नाही."

"एकट्या बाईनं तीन वर्षांत जागं व्हायचं, आणि एवढ्या मोठ्या कचेरीनं तीस वर्षं झोपायचं? हा कुठला न्याय?"

"कायद्याचं म्हणणं असं, की सार्वजनिक जागा सगळ्या लोकांची. एखाद्या कारकुनाच्या आळसानं सगळ्या लोकांची जागा जाऊ नये."

"आणि एखाद्या कारकुनाच्या लबाडीनं माझी गेली तर चालते."

वकीलबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. "फोटो कुणी काढला, ताई?"

काचताईनं सांगितलं. सगळं सांगितलं. आतून करून घेतो म्हणाला ते, दर पट्टीला नव्यानं मोजायचं म्हणाला ते, आणि दोन ओळी मागितल्या तेव्हा घरच्या माणसाकडून लेखी मागतेस का म्हणाला तेही.

"त्या दोन ओळी पालिकेच्या कागदावर मुदतीत आल्या असत्या," वकीलबाई हळूच म्हणाली, "तर मुदत त्या दिवसापासून नव्यानं मोजता आली असती. म्हणूनच तो जाणूनबुजून लिहून देत नव्हता." मग पुढे म्हणाली, "एक गोष्ट आहे. कुणी फसवून तुमची मुदत घालवली, तर त्या माणसावर दावा लावता येतो. आणि तिथे वेळ फसवल्यापासून मोजत नाहीत. फसवलं हे कळल्यापासून मोजतात. पालिकेनं त्याला हे करायला सांगितलं असं आपल्याला दाखवता येणार नाही. पण त्याच्यावर येतो. फक्त तो तुमचा सख्खा भाऊ आहे."

काचताई उठली. ती कारखान्यात गेली, टेबलाशी पाचेक मिनिटं काम केलं, हात पुसले आणि दादाच्या घरी निघाली.

दार वहिनीनं उघडलं. "अगं, ये ये, केवढ्या दिवसांनी!" दारासमोरच्या बोळकंडीत आरसा टांगला होता. उतरत्या कडा, दोनदा लावलेला पारा. आत शिरताना काचताईनं स्वतःला त्यात पाहिलं आणि तिला वाटलं, इतका स्वच्छ आरसा आपण कशाला केला.

दादा खिडकीपाशी पेपर वाचत होता. तिला पाहून त्यानं पेपर घडी घालून बाजूला ठेवला, फारच व्यवस्थित.

"फोटो तू दिलास," ती म्हणाली. विचारलं नाही.

"वकिलांनी जुनी फाइल मागितली. फाइलमधे होता. मी काय करणार?"

"फाइलमधे तू लावलास. भिंतीसाठी लावतो म्हणालास."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत.

"तीन वर्षं तू मला थोपवून धरलंस, दादा. चुकून नाही. मुदत संपायची वाट बघत होतास."

"तुला काय वाटतं, मला सुखाची झोप लागली?" तो एकदम चिडला, चिडण्याचा हक्क जणू त्याचाच होता. "खोदाईच्या फाइलवर शेरा माझा होता. आजूबाजूला जुन्या भिंती नाहीत, यंत्रानं खोदायला हरकत नाही. तू दावा लावला असतास तर ती फाइल निघाली असती. चौकशी लागली असती, निवृत्तीच्या तोंडावर! पेन्शन अडली असती. मग आम्ही दोघांनी काय करायचं होतं?"

"जुन्या भिंती नाहीत असं तू लिहिलंस?"

"असे शंभर शेरे लिहितो माणूस. जागेवर जाऊन बघायला वेळ कुणाला असतो?"

"जागेवर जायची काय गरज होती तुला?" तिचा आवाज फुटला. "त्या भिंतीला पाठ टेकून मोठा झालास तू! आपली भिंत तुला आठवली नाही?"

पेन्शनची कथा त्याच्याकडे तयार होती, भिंतीची नव्हती. काचताईला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. कारखाना जाणार याचं रडू वेगळं असतं. ते तिनं कोर्टात गिळलं होतं. हे रडू त्या चहाचं होतं, जो तिनं दोन ओळी मागितल्याची शरम वाटून त्याला पुन्हा करून दिला होता. केसानं गळा कापणारा समोर बसून चहा पीत होता, आणि ती विचारत होती, साखर बरोबर आहे ना.

"छोटे, जे झालं ते झालं," दादा मऊ आवाजात म्हणाला. "आता कोर्टबिर्ट पुरे. थोडे दिवस थांब. नव्या साहेबांशी माझी ओळख आहे. तुझ्यावरच्या दाव्याचं मी आतून बघतो."

काचताईनं पदरानं तोंड पुसलं. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काढली, गुंडाळी सोडली आणि काचेची एक पातळ पट्टी त्याच्यापुढे टेबलावर ठेवली. तिच्या कडा अजून घासलेल्याही नव्हत्या.

दादानं चष्मा लावला. सवयीनं त्याची नजर थेट उजव्या कोपऱ्यावर गेली.

"ही तर आजची तारीख आहे."

"हो."

"आज कुठली पट्टी लावलीस? कशाची तारीख?"

"मला कळलं त्याची."

आयुष्यभर मुदतीवर मसुदे लिहिलेल्या माणसाला त्याचा अर्थ वकीलबाईकडून समजून घ्यायला नको होता. त्याचा काचेकडे गेलेला हात मधेच थांबला.

"काय आहे ते? काय झालं?" वहिनीनं विचारलं.

काचताईनं पट्टीचं एक टोक अंगठ्यानं टेबलावर दाबून धरलं.

"फोन काढ, दादा," ती म्हणाली. "एक फोटो घे. फाइलला लागेल."